केनियात बचत शिकवली का? तुम्ही विचारलंत म्हणून

"केनियातल्या बायकांना बचतगट तुम्हीच शिकवलेत ना?" हा प्रश्न पुण्याला परतल्यापासून मला लग्नकार्यांत इतक्या जणांनी विचारला आहे की आता एकदाच लिहून टाकते. नाही, मी शिकवले नाहीत. आपल्याकडची भिशी जशी कोणत्याही योजनेतून आलेली नाही, तसाच तिकडचा चामा; इथिओपियात इकुब, घानात सुसू, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकव्हेल. तीन कुलपांच्या पेटीची जी पद्धत केअर या संस्थेने १९९१ साली नायजरमधल्या मरादी भागात सुरू केली, तीही तिथल्या बायकांच्या जुन्या भिशीवरच बेतलेली होती.

"मग तीन वर्षे केलेत तरी काय?" हा पुढचा प्रश्न मात्र टोचतो, कारण मी आधी वह्या नीट लावून दिल्या आणि नंतर एक चांगला चाललेला गट मोडला.

किसुमूजवळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बावीस जणींचा तो गट होता. रात्री दिव्यांच्या उजेडात धरलेली ओमेना ही बारीक मासळी पहाटे होडीवरून घ्यायची, काठावर जुनी जाळी अंथरून वाळवायची आणि गोरोगोरो म्हणजे दोन किलोच्या डब्याने मापून विकायची, हा त्यांचा धंदा. एप्रिल ते जुलै ओमेना धरायला बंदी असते; तेव्हा शाळेची फी आणि मक्याचे पीठ पेटीतल्या कर्जावर निघे. पेटी एकीच्या घरी, किल्ल्या दुसऱ्या तिघींकडे. बैठक संपताना शिल्लक सगळ्यांनी मोठ्याने म्हणायची, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही आकडा पाठ.

पेटीत बाहेरचा पैसा घालायचा नाही, हा या पद्धतीचा मूळ नियम मला माहीत होता. पण आपल्याकडे नाबार्डने १९९२ पासून बचतगट बँकांना जोडले, ते पाहतच मी या कामात आले होते. बाहेरचा पैसा म्हणजे पुढची पायरी, हे माझ्या डोक्यात पक्के होते. म्हणून 'जितकी बचत तितके अनुदान' मंजूर झाले तेव्हा ते मी हौसेने नेले. दोन महिन्यांत कोणाचा दीर, कोणाचा भाऊ बैठकीच्या कडेला येऊन बसू लागला आणि हप्ते रखडू लागले. शेजारणीचे पैसे बुडवायला जी लाजत होती, तिला देणगीदाराच्या पैशांची लाज वाटण्याचे कारणच उरले नव्हते.

मग एका गुरुवारी वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळेना. सगळ्यांनी खजिनदारणीकडे पाहिले. मीही पाहिले, हे लिहिणे भाग आहे. तिने वाद घातला नाही. तिच्याकडेही एक किल्ली असे, जाळ्याच्या दोरीत ओवलेली. ती तिने गळ्यातून काढून पेटीवर ठेवली आणि उन्हात निघून गेली. चार दिवसांनी, कंदिलाशेजारी बसून बेरजा करताना, अनुदानाचा पहिला हप्ता मीच दोनदा लिहिल्याचे मला दिसले. मी तिच्या घरी गेले, सर्वांसमोर चूक कबूल केली. ती परत आली नाही, आणि वर्षअखेरीस गट पैसे वाटून मोकळा झाला.

गट काय, महाराष्ट्रातही मोडतात, हे मला ऐकवू नका. मीच ते स्वतःला पुष्कळदा ऐकवले आहे. तेव्हाची मी अगदीच मूर्ख होते असेही मला म्हणवत नाही. एका सरीत अख्खी वाळवण सडताना मी पाहिली होती, आणि उंच मांडण्या उभारण्याइतके पैसे त्या पेटीत कधीच साठले नसते. अनुदानातून तशा चार झाल्या. तेव्हा नियम मोडला म्हणून सगळे बिघडले, की वही माझ्या हातात होती म्हणून, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

मागच्या वर्षी त्या खजिनदारणीला फोन केला. तिने ओमेनाचा भाव सांगितला, माझ्या आईची चौकशी केली. चारपैकी दोन मांडण्या अजून वापरात आहेत, म्हणाली. अकरा जणींनी नवा चामा काढला आहे, वर्गणी एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या तिकडच्या सोयीवर, जमते. त्यात ती आहे का, हे मी विचारले नाही.