मर्ल हॅगार्डच्या मुलखात

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातून दक्षिणेला, कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफील्डला जायचं तर बहुतेक लोक आय-5 हा महामार्ग पकडतात. मी मुद्दाम हायवे 99 घेतला. मर्सेड, फ्रेस्नो, टुलेरी, डिलेनो ही शेतीवाडीची गावं या रस्त्यावर लागतात आणि अमेरिकन कंट्री गायक मर्ल हॅगार्डची गाणी इथल्याच कष्टकरी माणसांची आहेत. फेब्रुवारी होता. बदामाच्या बागा पांढऱ्याशुभ्र फुलल्या होत्या, बांधावर मधमाश्यांच्या पेट्या मांडून ठेवलेल्या.

अमेरिकेत आलो तेव्हा मी पंचविशीत होतो. रेडिओवर कंट्री, म्हणजे इथलं ग्रामीण मातीतलं संगीत, लागायचं आणि कानांवरून निघून जायचं. भीमसेन आणि वसंतराव ऐकत वाढलेलो; त्या सरळ चालींत मन रमत नसे. पन्नाशी उलटल्यावर एका डिसेंबरात माझी नोकरी गेली. त्याच सुमारास गाडीत हॅगार्डचं 'इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर' लागलं. 1973 चं गाणं. कारखान्यातून कमी केलेला बाप, तोंडावर आलेला नाताळ, आणि यंदा घरात सण का नाही हे न कळणारी लहान मुलगी. उन्हाळ्यापर्यंत कुठेतरी उबदार जागी जाऊ, जमलं तर कॅलिफोर्नियाला, एवढीच त्या बापाची आशा. आवाज कुठे चढत नाही, कुणाकडे दयेची याचना नाही. घरी येऊन बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "परत लाव." पुढचे कित्येक महिने आमच्या स्वयंपाकघरात हाच माणूस गात होता.

बेकर्सफील्डला चेस्टर अव्हेन्यूवर कर्न काउंटी म्युझियम आहे. मर्लचं लहानपणीचं घर 2015 साली ऑइलडेलहून उचलून तिथे आणलं. ते घर म्हणजे मालगाडीचा डबा! ओक्लाहोमात धान्याचं कोठार जळाल्यावर त्याचे आईवडील 1930च्या दशकात इकडे आले. वडील सांता फे रेल्वेत कामाला लागले आणि हा जुना डबा त्यांनी स्वतःच्या हातांनी राहता केला. 1937 साली मर्ल जन्मला. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, बाबा लोको शेडमध्ये. त्या घरासमोर मी बराच वेळ उभा होतो. दिवसभर रेल्वेत राबून आल्यावर संध्याकाळी हातोडी घेऊन डब्याला खिडक्या पाडणारा माणूस मला स्पष्ट दिसत होता.

मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील गेले. आई फ्लॉसी हिशेबनिसाची नोकरी करू लागली आणि पोरगा हाताबाहेर गेला: मालगाड्यांतून पळून जाणं, चोऱ्या, सुधारगृहं आणि शेवटी सॅन क्वेंटिनचा तुरुंग. तिथे प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅश गायला आला तेव्हा मर्ल समोर कैद्यांत बसला होता. 1960 साली तो सुटला. 1972 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला पूर्ण माफी दिली. 'मामा ट्राइड' (1968) मध्ये तो आईला जराही बोल लावत नाही. तिनं केलं ते सगळं केलं, चुकलो मी, असं म्हणतो. विशीत मला हे पोराचं गाणं वाटलं असतं. आता ते मला फ्लॉसीचं वाटतं.

म्युझियममधून नदी ओलांडली की ऑइलडेल. पलीकडे टेकड्यांवर तेल उपसणारे पंप अजून वरखाली होत असतात. या तेलकामगारांच्या आणि शेतमजुरांच्या गर्दीनं भरलेल्या बारमध्ये कंट्रीची 'बेकर्सफील्ड साउंड' ही शैली घडली. नाचणाऱ्यांच्या गोंगाटातून ऐकू जायला हवं म्हणून खणखणीत टेलिकास्टर गिटार, ठसठशीत ड्रम, सोबतीला स्टील गिटार. कंट्री संगीताची राजधानी नॅशव्हिल तेव्हा व्हायोलिनच्या ताफ्यांनी गाणी गुळगुळीत करत होतं. इथे बेकर्सफील्डचाच दुसरा गायक बक ओवेन्स आणि मर्ल यांनी धार राखली. मला विचाराल तर मर्ल दोघांत मोठा, कारण त्याचे शब्द.

6 एप्रिल 2016 रोजी, आपल्या 79व्या वाढदिवशीच तो गेला.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जा. डिसेंबर-जानेवारीत 99 वर दाट धुकं असतं आणि गाडी चालवणं धोक्याचं होतं. जाताना 'सिंग मी बॅक होम' (1967) जरूर ऐका. मृत्युदंडाच्या वाटेवरचा कैदी मित्राला एक जुनं गाणं म्हणायला सांगतो, एवढीच गोष्ट. ते मात्र घाट उतरताना नको, सपाट रस्त्यावर लावा.