सूज एक, कोड चार

मराठीत ‘पाय सुजलेत’, ‘गुडघ्यात पाणी झालंय’ आणि ‘पोटरीवर गाठ आलीय’ या तीन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. अमेरिकेतल्या आयसीडी-१०-सीएमलाही, म्हणजे आजार आणि लक्षणांच्या कोडयादीलाही, हा भेद मान्य आहे. पंचाईत होते ती चार्टमध्ये डॉक्टर ‘स्वेलिंग’ लिहितात तेव्हा. हा शब्द दिसला की नवा कोडर, म्हणजे चार्ट वाचून विम्याच्या क्लेमसाठी कोड लावणारा, डोळे मिटून आर६०.० टाकतो. कधी ते बरोबर निघतं, बऱ्याचदा नाही.

कोड शोधायची सूची, म्हणजे इंडेक्स, उघडून बघा. ‘इडीमा’खाली (पाणी साठून आलेली सूज) पायांसाठी आर६०.०, म्हणजे लोकलाइज्ड इडीमा, एका जागेपुरती सूज. ‘स्वेलिंग’खाली घोटा शोधला, तर इंडेक्स पाठवतो ‘इफ्यूजन, जॉइंट, अँकल’कडे, म्हणजे घोट्याच्या सांध्यातल्या पाण्याकडे. कोड येतो एम२५.४७१ उजव्या घोट्यासाठी, एम२५.४७२ डाव्यासाठी. त्याच ‘स्वेलिंग’खाली ‘लिंब’ (हात-पाय) बघितलं, तर सॉफ्ट टिश्यू डिसऑर्डरकडे, म्हणजे एम७९.८९. आणि ‘लोकलाइज्ड स्वेलिंग, मास, लम्प’ असं लिहिलं असेल तर आर२२.४ ची रांग: ४१ उजवा, ४२ डावा, ४३ दोन्ही.

म्हणजे ‘अँकल इडीमा’ आणि ‘अँकल स्वेलिंग’ हे दवाखान्यात एकाच अर्थाने बोलले जाणारे शब्द कोडिंगमध्ये दोन वेगळ्या प्रकरणांत जाऊन बसतात. पहिला लक्षणांच्या प्रकरणात, दुसरा सांध्यांच्या. ‘सांध्यात पाणी आहे असं डॉक्टरांनी कुठे म्हटलंय?’ हा आक्षेप रास्त आहे, पण इंडेक्सने वाट ठरवून दिली आहे. ती वाट पटत नसेल, तर कोड मनाने बदलायचा नाही. डॉक्टरांना विचारायचं: सूज सांध्यात आहे की भोवतालच्या मांसल भागात?

हे चार कोड एकमेकांशेजारी ठेवायची हौसही नको. आर२२ खाली एक्सक्लुड्स १ ची, म्हणजे ‘हे कोड सोबत लावू नका’ अशी टीप आहे, आणि तिच्यात इडीमा आणि सांध्याची सूज दोन्ही येतात. एकाच सुजेसाठी आर२२.४१ आणि आर६०.० जोडीने पाठवले, तर क्लेम एडिटमध्ये, म्हणजे छाननीत, अडकलाच म्हणून समजा. पोटरीवर खरोखरच वेगळी गाठ असेल आणि पावलांवरच्या सुजेशी तिचा संबंध नसेल, तरच दोन्ही चालतात, आणि तसं चार्टमध्ये स्पष्ट दिसायला हवं.

सर्रास होणारी आणखी एक चूक: दोन्ही पाय सुजले म्हणून आर६०.१. जनरलाइज्ड म्हणजे अंगभर सूज, अॅनासार्का. दोन पाय म्हणजे अख्खं अंग नव्हे. ‘बायलॅटरल लोअर एक्स्ट्रिमिटी इडीमा’ला आर६०.० च लागतो, तोही एकदाच, कारण त्या कोडला डावं-उजवं नाहीच. याउलट एम२५.४७ मध्ये दोन्ही घोट्यांसाठी एकत्रित कोड नाही, म्हणून ४७१ आणि ४७२ दोन्ही लावायचे. एम२५.४७३ म्हणजे ‘कुठला घोटा ते माहीत नाही’. तो लावण्याआधी नर्सची नोंद बघा. डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल, तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून बाजू घेता येते. नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, तर मात्र क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा.

पिटिंगच्या, म्हणजे सूज बोटाने दाबल्यावर पडणाऱ्या खड्ड्याच्या, ग्रेडला कोड नाही. १+ म्हणजे साधारण २ मिलिमीटर खड्डा, ४+ म्हणजे ८. उपचार ठरवायला हे महत्त्वाचं असेल, पण आर६०.० ला त्याने फरक पडत नाही. ‘एक्झाम’खाली २+ पिटिंग लिहिलेलं आहे आणि असेसमेंटमध्ये (डॉक्टरांच्या निष्कर्षात) सुजेचा उल्लेखच नाही, अशा वेळी नुसत्या तपासणीवरून निदान उचलायचं नाही.

आता खरा पेच, कारणाचा. समजा ओपीडीचा चार्ट असा आहे: रक्तदाबाचा पेशंट, अॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम चालू, दोन आठवडे दोन्ही पायांवर सूज. असेसमेंटमध्ये लिहिलंय, ‘बायलॅटरल लेग इडीमा, लाइकली अॅम्लोडिपिनमुळे, हार्ट फेल्युअर रूल आउट. इको करा, डोस ५ वर आणा.’ आणि पुढच्या ओळीत ‘हायपरटेन्शन’. इथे कोड दोनच: सुजेचा आर६०.० आणि रक्तदाबाचा आय१०. ‘लाइकली’, ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ (नाही ना, ते तपासा) असलेलं काहीही ओपीडीत कोड होत नाही. डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी कारण मान्यच केलं, हा कोडरचा तर्क. तर्काला कोड नसतो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ‘अॅम्लोडिपिनमुळे आलेली सूज’ असं ठामपणे लिहिलं, तर आर६०.० आधी आणि त्यामागे टी४६.१एक्स५ए. आधी परिणाम, मग औषध, हा क्रम उलटा करू नका. मधला एक्स जागा भरायला असतो. तो गाळला, तर सातवं अक्षर सहाव्या जागी सरकतं आणि कोड अवैध ठरतो. सहाव्या जागी ५ म्हणजे नीट दिलेल्या, नीट घेतलेल्या औषधाचा त्रास. चुकून जास्त गोळ्या घेतल्या असतील तर तिथे १ येतो, क्रमही उलटतो आणि विषबाधेचा कोड पहिला लागतो.

आणि इकोनंतर हार्ट फेल्युअर पक्कं झालं तर? मग आर६०.० गळतो, कारण पायांची सूज त्या आजाराचाच भाग आहे. आय१० सुद्धा जातो. रक्तदाब आणि हार्ट फेल्युअर एकत्र असले की संबंध गृहीत धरला जातो, म्हणून आधी दोन्हींचा एकत्रित आय११.० आणि त्यामागे आय५० मधला नेमका प्रकार. दोन्हींचा संबंध नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं असेल, तरच वेगळं. अॅडमिट पेशंटच्या डिस्चार्जला नियम पुन्हा पालटतो: अक्यूट केअर हॉस्पिटलमध्ये शेवटपर्यंत ‘प्रॉबेबल’ राहिलेलं निदान पक्कं असल्यासारखं कोड करतात. ओपीडी आणि आयपी (अॅडमिट पेशंट) दोन्ही करणाऱ्यांचे हात इथेच घसरतात.

डॉपलरचे, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीचे, क्लेम हा वेगळाच ताप. ऑर्डरवर ‘रूल आउट डीव्हीटी’ (खोल शिरेतली गुठळी), रिपोर्ट निगेटिव्ह. गुठळीचा आय८२.४ लावायचा नाही, ज्या लक्षणासाठी तपासणी झाली ते लावायचं: सूज, आणि पिंडरी दुखत असेल तर सोबत एम७९.६६१ किंवा ६६२. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल आणि कोडिंगच्या वेळी रेडिऑलॉजिस्टचं अंतिम वाचन हाती असेल, तर पक्कं निदानच घ्या. कुठली शीर ते रिपोर्टमध्ये असतंच, त्यामुळे शीर न सांगणाऱ्या आय८२.४०१ वर थांबू नका. फेमोरल उजवी ४११, पॉप्लिटियल ४३१, टिबियल ४४१.

शिरांच्या बाबतीत आणखी एक. ‘व्हेरिकोज व्हेन्स विथ इडीमा’ला आय८३.८९ मध्ये जोडकोड आहे, शेवटी १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. सूज त्यातच आली, आर६०.० वेगळा नको. लिम्फिडीमा (लसिका साठून येणारी सूज) म्हणजे आय८९.०, जन्मजात किंवा आनुवंशिक असेल तर क्यू८२.०. तो शब्द डॉक्टरांनी लिहायला हवा, पाय जाडजूड दिसतो म्हणून आपण ठरवायचं नाही. सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) एल०३.११५ उजवा, ११६ डावा. मुरगळलेला उजवा घोटा एस९३.४०१ए. या दोन्हींत सूज ओघानेच आली. शेवटच्या ए चा अर्थ पहिली भेट असा बरेच जण लावतात, तो चूक आहे. ए म्हणजे सक्रिय उपचार चालू, नेहमीचं भरून येणं सुरू झालं की डी.

गरोदर बाईच्या पायांची सूज आर६० मध्ये कधीच नाही. ओ१२.०, शेवटचा अंक तिमाहीचा, सोबत झेड३ए मधला आठवडा. २८ आठवडे पूर्ण झाले की तिसरी तिमाही, म्हणजे ओ१२.०३. लघवीत प्रथिनं आहेत असं डॉक्टर म्हणाले तर ओ१२.२ कडे वळा. नुसता डिपस्टिकचा (लघवी तपासायच्या पट्टीचा) आकडा बघून नाही.

क्वेरी पाठवताना ‘कृपया हार्ट फेल्युअर नोंदवा’ असं लिहिलंत, तर ऑडिटमध्ये ती तुमच्यावरच उलटेल. चार्टमधली तथ्यं मांडा: दोन्ही पायांवर २+ पिटिंग, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) सुरू केलं, इकोचा निष्कर्ष अमुक. मग विचारा, सुजेचं कारण काय? पर्याय दिलेत तर ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हे दोन्ही ठेवा. उत्तर ‘सांगता येत नाही’ आलं, तर आर६०.० लावून चार्ट बंद करा.