तुम्ही विचारलंत म्हणून: आफ्रिकेतली खाण बुडते कशी?

कोळशाच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे लग्नाकार्यात कोणी ना कोणी हमखास विचारतं, "आफ्रिकेतल्या खाणीत पैसा घालायचा तर भीती कसली? लष्करी उठावाचीच ना?" उठाव होतात, परवाने रद्द होतात, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात ते सगळ्यांनी पाहिलं. मी मात्र मोझांबिकचं नाव घेतो. तिथे 1975 पासून फ्रेलिमो या एकाच पक्षाचं राज्य. ना सरकार उलटलं, ना कोणी खाण हिसकावली. तरी पैसा बुडाला.

रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने 2011 मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून रिव्हर्सडेल ही कंपनी घेतली, ती तेते प्रांतातल्या कोळशासाठी. माल झांबेझी नदीतून बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांनी, समुद्रावर न्यायचा, असा बेत. सरकारने पर्यावरणाचं कारण देऊन तो मोडीत काढला. उरली बैरा बंदराला जाणारी 'सेना' नावाची रेल्वे लाईन, पाचशेहून जास्त किलोमीटर, त्यात दुसऱ्या कंपन्यांचाही माल. जानेवारी 2013 मध्ये रिओने या कोळशापोटी सुमारे तीन अब्ज डॉलर बुडीत धरले आणि कंपनीचे प्रमुख अल्बानीज साहेब यांची खुर्ची गेली.

याच लाईनवरचा झांबेझीवरचा डोना आना पूल रेनामोच्या बंडखोरांनी यादवीत उडवला होता. जून 2013 मध्ये त्याच रेनामोने लाईन अडवायची नुसती धमकी दिली, आणि रिओने गाड्या थांबवल्या.

रेक, म्हणजे मालगाड्या, थांबल्या की काय होतं, ते ढिगाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कोकिंग कोळसा, म्हणजे पोलाद करायला लागणारा कोळसा, उघड्यावर पडून राहिला की हवेने त्याचा चिकटपणा जातो, आणि पोलाद कारखाना पैसे मोजतो ते त्या चिकटपणाचेच. मग ढीग आतून तापतो, कडेने धूर निघायला लागतो, गंधकाचा वास येतो. डोझरने दाबा, पाणी मारा, तरी दुसऱ्या कोपऱ्यातून धुमसतोच. तिकडे बंदराबाहेर जहाज उभं, डेमरेजचं, म्हणजे जहाज खोळंबल्याच्या दंडाचं, मीटर डॉलरमध्ये चालू.

2014 मध्ये आपल्या सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेल्या आयसीव्हीएल या कंपनीने रिओची ती खाण पाच कोटी डॉलरला घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून इकडे कौतुक झालं. कोळशाचे भाव पडले आणि पुढच्याच वर्षी काम बंद. लाईन लांब असली की भाव पडल्यावर सर्वात आधी मरतो तो असाच माल. काही वर्षांनी खाण पुन्हा सुरू झाली, हेही खरं.

शेजारी खाण असलेल्या ब्राझीलच्या 'वाले' या कंपनीने नकाला बंदरापर्यंत नऊशे किलोमीटरचा स्वतःचा रेल्वेमार्ग उभारला, काही नवा, काही जुनाच दुरुस्त करून. तीही शेवटी कंटाळली. 2022 मध्ये जिंदालांच्या वल्कन या कंपनीने तिची खाण आणि रेल्वे मिळून 27 कोटी डॉलरना उचलली. माझ्या मते त्यांनी खरी घेतली ती लाईन. फक्त तिचा मधला पट्टा मलावीतून जातो, तेव्हा आता दोन सरकारं सांभाळणं आलं.