घरात माझ्यामुळेच पसरलं का?

मी संख्याशास्त्र शिकवते, हे इंदूरच्या आमच्या रामबागेत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. म्हणून एप्रिल २०२१च्या कोरोनाच्या साथीची गोष्ट निघाली की कुणीतरी हलकेच विचारतं, "आधी ताप मला आला, मग सासऱ्यांना. माझ्यामुळेच झालं ना?" विचारणाऱ्या बहुतेक सुनाच असतात, आणि घरात कुणीतरी त्यांना तसं सुनावलेलं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: त्या महिन्यापुरतं तरी हे कुणालाही छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

पहिल्या रुग्णानंतर घरातले बाकीचे किती जण आजारी पडले, यावरून दुय्यम लागणीचं प्रमाण काढतात. २०२०च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ते १६.६ टक्के आलं होतं. पण नुसती अशी मोजणी केली, की घरातल्या प्रत्येकाला घरातूनच लागण झाली असं धरलं जातं. गावात साथ कमी असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

समजा, अशा घरांतल्या १०० जणांपैकी ३० जणांना लागण झाली. त्या पंधरवड्यात बाहेरून लागण होण्याची शक्यता १ टक्का असेल, तर घरातला धोका २९ टक्क्यांच्या आसपास निघतो. आता साथ गावभर पसरली आहे असं समजून बाहेरची शक्यता १५ टक्के धरा. बाहेरच्या संसर्गातून ८५ जण वाचले, आणि त्यांतले ७० घरातल्याही संसर्गातून वाचले. सत्तर भागिले पंच्याऐंशी म्हणजे ८२ टक्के. घरातला धोका उरला १८ टक्क्यांहून थोडा कमी! घरं तीच, आजारीही ३०च. बदलली ती फक्त गावातली साथ. अर्थात १८ म्हणजे शून्य नव्हे. वेगळी खोली आणि उघड्या खिडक्या तेव्हाही गरजेच्याच होत्या.

हा बाहेरचा आकडा आणायचा कुठून? लाँजिनी आणि कूपमन या संशोधकांनी १९८२मध्ये फ्लूच्या आकड्यांवर घरातला आणि बाहेरचा धोका वेगळा काढण्याची रीत मांडली. तिच्यात कुणीच आजारी न पडलेली घरंही मोजावी लागतात, कारण बाहेरचा धोका कळतो तो त्यांच्यावरूनच. फक्त पॉझिटिव्ह रिपोर्टच्या घरांत जाऊन केलेली पाहणी मला म्हणूनच अपुरी वाटते.

उलटा परिणामही होतो. साथ गावभर फिरून गेली असेल, तर अनेकांच्या अंगात आधीच प्रतिकारशक्ती असते आणि घरातलं प्रमाण कमी दिसतं.

आणखी एक. कोरोनाची लक्षणं लागण झाल्यावर २ ते १४ दिवसांत दिसतात. म्हणजे ताप आधी आला म्हणून लागणही आधी झाली, असं ठरत नाही. सासऱ्यांना तुमच्या आधी झाली असेल, किंवा एकाच लग्नात दोघांनाही. जनुकीय तपासणीत दोघांचे विषाणू बरेच वेगळे निघाले, तर घरातून लागण झाली नाही एवढं कळतं. पण गावभर विषाणूचा डेल्टा हाच प्रकार पसरलेला असताना दोघांकडे डेल्टा सापडला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून मी उलट विचारते, त्या पंधरा दिवसांत सासरे कुठे कुठे गेले होते? दूध, औषधं, बँक, कुणाचा तेरावा? बहुतेक घरांत हे कुणी विचारलेलंच नसतं.