फर्मीचा पुतळा नाही, तेच बरं

बाबा सध्या माझ्याकडे शिकागोला आलेत. विद्यापीठात एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूरचं 'न्यूक्लिअर एनर्जी' हे 12 फुटी ब्राँझ शिल्प आहे, ते त्यांना दाखवलं. सगळीकडून फिरून पाहून ते म्हणाले, "एवढं मोठं काम इथं झालं, मग त्या शास्त्रज्ञाचा पुतळा का नाही?"

काम मोठं होतंच. 2 डिसेंबर 1942 रोजी इथल्या जुन्या स्टेडियमच्या स्टँडखाली एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा नि युरेनियम रचून माणसाने घडवलेली पहिली नियंत्रित अणू साखळी प्रक्रिया चालवली. शक्ती जेमतेम अर्धा वॅट, आपल्या देवघरातला झिरोचा बल्बही पेटला नसता. पुढच्या तीन वर्षांच्या आत हिरोशिमा झालं.

बरोबर 25 वर्षांनी, 1967 साली, त्याच तारखेला हे शिल्प उभं राहिलं. खाली देवळासारख्या कमानी आणि पोकळ्या, त्यांवर गुळगुळीत, फुगीर माथा. तो माथा कवटीही आहे आणि अणुस्फोटाचा ढगही. खुद्द मूरनेच तसं सांगितलंय. पोकळीत हात घातला तर गार धातू लागतो, आणि नजर वर गेली की डोळ्यांच्या खाचा दिसू लागतात. कुंपण नाही, पहारेकरी नाही. ज्या पराक्रमाचा विद्यापीठाला अभिमान, त्याच्याच जागेवर त्यांनी ही कवटी उभी करू दिली. हे मला फार मोठं वाटतं.

पण म्हणून आपल्याकडच्या पुतळ्यांना नावं ठेवायची इथल्या आपल्या मंडळींना जी सवय लागलीय, ती मला मुळीच पटत नाही. जयंतीला भल्या पहाटे शिडी लावून हार घालणाऱ्या पोरांना तो माणूस घरचा वाटतो. इथली मुलं कानात इअरफोन घालून शिल्पाशेजारून निघून जातात. ट्रॉम्बेला 1956 मध्ये आपली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' सुरू झाली, तिथं होमी भाभांचा पुतळा कुणी मागितला तर मी हो म्हणेन.

इथं मात्र नाही. फर्मीच्या गळ्यात हार घालायचा, तर हिरोशिमाचं काय करायचं?

या शिल्पाची लहान आवृत्ती हिरोशिमाच्या समकालीन कला संग्रहालयात आहे. बाबांचं म्हणणं, मोठं तिकडे हवं होतं. मी म्हणतो, हिरोशिमाच्या लोकांना आठवण करून द्यायची गरजच नाही. मोठं इथंच हवं, जिथं हे सुरू झालं.