दर एकविसाव्या दिवशी, गुरुवारी

लेकीचा डावा गुडघा सुजला तेव्हा ती चौथीत होती. तीन आठवड्यांपूर्वी घसा धरला होता. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, आणि चार दिवसांत ती पुन्हा शाळेत. त्या घशाचा या गुडघ्याशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही. मग गुडघा उतरला आणि घोटा धरला. घोटा सुटला तर कोपर. सासूबाई म्हणाल्या, "वात फिरतोय गं पोरीच्या अंगात." दुखणं फिरतंय हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

गावात दुखण्याची गोळी मिळाली आणि दोन दिवसांत पोर अंगणात पळायला लागली. इथेच आमचा महिना गेला. या आजारातली सांधेदुखी गोळीने इतकी झटकन थांबते की आजारच झाकला जातो, हे नंतर कळलं.

मग एक दिवस शाळेचा जिना चढताना ती मध्येच बसली. कराडच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि बराच वेळ स्टेथोस्कोप छातीवरून हलवलाच नाही. मान वर करून विचारलं, "महिना-दीड महिन्यापूर्वी घसा दुखत होता का हिचा?" इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, पडद्यावर प्रत्येक ठोक्याला रंगीत झोत मागे फिरताना दिसला. हृदयाची मायट्रल झडप गळत होती. ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला उठलेली शरीराची फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे बरे होतात, पण झडपेवरचा घाव राहू शकतो.

एक सांगते, कारण रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या आया मी पाहिल्यात. नुसता एएसओ, म्हणजे स्ट्रेपविरुद्धच्या प्रतिपिंडांचा रक्तातला आकडा, वाढला म्हणजे हा आजार झाला असं नाही. घशात स्ट्रेप येऊन गेला, एवढंच तो आकडा सांगतो. निदान होतं जोन्स निकषांवर, म्हणजे लक्षणं आणि चाचण्यांच्या ठरलेल्या यादीवर. ते १९४४चे आहेत, आणि २०१५च्या सुधारणेत इकोलाही त्यात जागा मिळाली.

उपाय एकच: घसा पुन्हा धरू द्यायचा नाही, कारण दर नव्या हल्ल्यात झडप आणखी बिघडते. बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. किमान दहा वर्षं किंवा वयाच्या एकविशीपर्यंत, जे उशिरा येईल ते. गळती राहिलीच तर चाळिशीपर्यंत.

औषध स्वस्त आहे, पण टोचणारं कोणी मिळेना. तीन दवाखान्यांनी बाटली परत हातात दिली. "रिअ‍ॅक्शन आली तर जबाबदारी कोणाची?" भीती खोटी नव्हती, पण एकवीस दिवस संपत आले होते आणि मी एसटी स्टँडवर बाटली पदरात धरून उभी होते. शेवटी डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं: पहिला डोस इथे दिला, त्रास झाला नाही, तातडीची औषधं जवळ ठेवून द्यावं. ते पत्र वाचून तालुक्याच्या एका सिस्टर तयार झाल्या. पुढची सहा वर्षं आम्ही त्यांच्याच जिवावर काढली.

त्यांचं कसब बघण्यासारखं. पांढऱ्या भुकटीत पाणी घालून बाटली मुठीत घोळवत ऊब द्यायच्या. औषध दुधासारखं दाट. सुई बारीक घेतली किंवा हात मध्येच थांबला की अडकलंच. आधी अंगठ्याने जागा दाबून दहापर्यंत मोजायच्या, मग टोचून सावकाश ढकलायच्या. तरी लेक दोन दिवस लंगडायची.

एकवीस दिवसांचा हिशोब म्हणजे वार बदलत नाही. आमचा गुरुवार. कालनिर्णयावर वर्षाला सतरा लाल गोल.

बाराव्या वर्षी ती अडून बसली. "मला काही होत नाही, मग सुई कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी तिला समोर बसवून युगांडातला २०२१चा अभ्यास सांगितला. ८१८ मुलं, सगळ्यांची झडप किंचितच बिघडलेली, इकोशिवाय कळणारही नाही इतकी. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी हेच इंजेक्शन, निम्म्यांना नाही. दोन वर्षांनी दुखणं वाढलं ते टोचलेल्यांत तिघांचं, न टोचलेल्यांत तेहतीस जणांचं. "तुझा आजार त्यांच्यापेक्षा पुढचा आहे, बेटा," ते म्हणाले. परतताना गाडीत ती गप्प होती. घाट उतरल्यावर म्हणाली, "आई, त्या तिघांचं पुढे काय झालं असेल?" मला सांगता आलं नाही. त्या गुरुवारी ती न बोलता पालथी झोपली.

गेल्या इकोत गळती मध्यमवरून सौम्य झाली आहे. यंदा दहावी. लाल गोल आता तीच करते. एक गोल नेमका पेपरच्या आदल्या दिवशी येत होता, आणि टोचल्यावर तीन तास बाकावर बसवत नाही. तिने स्वतः सिस्टरांना फोन लावला, लवकर घेतलं तर चालेल का विचारलं, आणि तो गोल खोडून मंगळवारवर काढला.