मशीन घाई करतं तेव्हा

आज अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका एटीएममध्ये माझ्यापुढे एक आजोबा होते. चष्मा पुसून पिन टाकेपर्यंत स्क्रीनवर 'आणखी वेळ हवा का?' आणि वर बीप-बीप. त्यांनी मागे वळून माझीच माफी मागितली! फार वाईट वाटलं. आजोबा, चूक तुमची नाही हो, त्या रचनेची आहे.

याच यंत्रात माणसाचा किती छान विचार केलेला असतो! पैसे हातात आले की काम संपलं असं वाटून लोक कार्ड आतच विसरायचे. म्हणून बऱ्याच मशीनमधून आधी कार्ड परत येतं, मग नोटा. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटाही न बघता आकडे सापडावेत म्हणून. विसरणं गृहीत धरलंत, तसं सावकाशपणही धरा ना. सुरक्षेसाठी वेळेची मर्यादा हवी, मान्य. पण ती थोडी वाढवा, आणि तो बीप तरी बंद करा.